कुणाला कळणार आहे

सिनेमातला हेर नेहमी माळ्यावर बसतो.
जिन्यावर बूट, कपाळावर घाम, तोही बेतानं,
आणि हेडफोन कानाला असूनही
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पी पी पी.
आमचे हे थिएटरात उठून उभे राहायचे.
"एरियल कुठाय? एरियल!"
मागून आवाज यायचा, काका, बसा.

मग एकदा त्यांनाच बोलावलं.
साल त्र्याऐंशी. एरंडवण्यातला बंगला,
त्याचं रंगून केलेलं.
जुन्या बाजारातून बुधवारी आणलेला ट्रान्समीटर,
आत व्हॉल्व्ह नाहीत, झुरळाची अंडी.
नायकाचा हात गोरापान, पण मोर्सच्या खटक्यावर
नव्या सुनेसारखा बावरायचा.
म्हणून हात यांचा घ्यायचा ठरलं, मनगटापर्यंत.
बोटांवरचा तपकिरीचा डाग पावडरीनं झाकला.
पंच्याहत्तर रुपये, दोन बटाटेवडे.
दिग्दर्शक पोरगेला. म्हणाला,
"काहीही वाजवा हो काका, कुणाला कळणार आहे?"

काहीही!
बत्तीस वर्षं ज्यानं लोकांकडून
शब्दाशब्दाचे पैसे मोजून घेतले, त्याला.

आमचं जमलं तेच मुळी तारेवर.
मी मिरजेला, हे पुण्याला,
मधे कऱ्हाड, कोरेगाव, वाठारचे खांब.
तार ऑफिसात पी पी नसतं. कट्ट कडकट्ट असतं,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं.
लांब तो कड, आखूड तो कट्ट,
आणि ज्याचा त्याचा हात वेगळा.
सोलापूर धापा टाकायचं. कोल्हापूर दामटायचं.
यांचा शेवटचा कड लांबायचा,
निघतो निघतो म्हणत
चपला घालून दारात अर्धा तास
बोलत उभ्या राहिलेल्या माणसासारखा.
घरच्यांसाठी पुढे रीतसर चहापोहे झाले.
मी मान वर केली नाही.
बशीवर चमचा वाजला
आणि कळलं, हेच पुणे.

सिनेमा अलकाला लागला.
दुसरा आठवडा काही त्यानं पाहिला नाही.
शेवटचा संदेश. बूट जिन्यावर. व्हायोलिनं.
शेजारची बाई पदराचं टोक चावतेय.
पडद्याभर तो हात, आणि मी ऐकतेय

कड कड कट्ट
कट्ट कड
कट्ट कट्ट कट्ट

गॅस.

पुढचं, अक्षरं रोमन पण मराठी शुद्ध:
गॅस बंद केलास का

दार फुटलं. गोळी. हेर पडला,
देशासाठी म्हणे.
मी इतक्या मोठ्यानं हसले
की डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला.
हे सरळ समोर बघत बसलेले.
"सकाळी निघताना विचारायचं राहिलं होतं,"
पुटपुटले.
"उत्तर आलं नाही अजून."

उत्तर मी तेव्हाही दिलं नाही.
खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं.

तारा बंद झाल्या. मिरजेच्या ऑफिसात आता
गोदाम आहे कसलंसं.
यांनाही सहा वर्षं झाली.
सिनेमा मात्र पंधरा ऑगस्टला दुपारी लागतो,
साबणाच्या आणि मसाल्याच्या मधे कोंबून.
नातू मोबाइलमधून मान काढून विचारतो,
"आजी, हा कोड खरा असतो का?"
"खरा."
"मग काय सांगतोय तो?"
"गुप्त आहे," म्हणते मी.

बूट जिन्यावर येतात,
तशी मी गुडघ्यावर हात टेकून उठते,
स्वयंपाकघरात जाते.
बटणं बघते. खालचा कॉकही बघते, वाकून.
मग उलथन्याच्या दांड्यानं ओट्यावर, हळू,
पोराला ऐकू जाणार नाही इतपत:

कड कट्ट कड
कट्ट
कट्ट कड कट्ट कट्ट
कट्ट कड

केला.
शेवटचा कड काही केल्या
आवरत नाही मला.